जिप्सी जॅझ गिटार: 'कोणतं पुस्तक घेऊ?' याचं लांबलेलं उत्तर

प्रश्न ऐरोलीहून आलाय. विचारणाऱ्याचं वय ३४, आयटीत नोकरी, आठ वर्षं गिटारवर हिंदी-मराठी गाणी वाजवतात. बार कॉर्ड व्यवस्थित लागतात, टॅब (तार आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणारी लिपी) वाचता येतो, पाश्चात्त्य स्वरलिपी येत नाही. गेल्या दिवाळीत जिप्सी जॅझचा गिटारवादक जँगो राइनहार्ट याचं 'मायनर स्विंग' कानावर पडलं आणि झोप उडाली. तेव्हापासून दोन पुस्तकं मागवून झाली, एका ऑनलाइन शाळेचं सदस्यत्व घेऊन झालं, लॅपटॉपवर दीडशेच्या वर पीडीएफ साठल्या. तरी सहा महिन्यांनी तक्रार अशी, की बोटं बरोबर जागी पडतात पण वाजतं ते त्या संगीतासारखं अजिबात वाटत नाही. रोज पाऊण तास मिळतो, महिन्याला हजार-दीड हजार खर्च करता येतील. तर आता कोणतं पुस्तक किंवा कोर्स घ्यावा?

मी ठाण्याच्या नौपाड्यात २२ वर्षं गिटार शिकवतोय. त्यातली शेवटची १४ या संगीताच्या नादात गेली, आणि तीही बरीचशी दुसऱ्याच्या सोलोमागे ठेका धरण्यात. त्यामुळे माझ्या उत्तराचा कल ठेकेवाल्याचा असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

थेट सांगायचं तर काहीही घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मायकल होरोविट्झचं 'जिप्सी पिकिंग' दिसतंय. ते उजव्या हाताचं पुस्तक आहे, ते टेबलावर राहू दे. दुसरं गाजलेल्या सोलोंचं आहे, ते वर्षभर कपाटात गेलं तरी बिघडणार नाही. शाळेचं सदस्यत्व पुढच्या महिन्यात थांबवा, सहा-आठ महिन्यांनी परत घ्या. पीडीएफचं शेवटी बघू.

आता असं का म्हणतो ते.

हे संगीत कागदावर जन्मलेलं नाही. जँगोला स्वरलिपी वाचता येत नव्हती, अक्षरओळखही जेमतेमच. त्याच्या जमातीत, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमकडच्या मानूश आणि जर्मनी-हॉलंडकडच्या सिंती लोकांत, पोरगं काकाच्या नाहीतर मामाच्या शेजारी गिटार घेऊन बसतं, आधी दोनेक वर्षं नुसता ठेका धरतं, आणि मग कधीतरी हळूच एखादी सुरावट उचलतं. 'मानूश' हा शब्द मला फार आवडतो. रोमानी भाषेत त्याचा अर्थ माणूस. ती भाषा आपल्या मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली, त्यांच्या पाचाला 'पांज' म्हणतात. म्हणून काही जण लगेच 'म्हणजे हे आपलंच संगीत' असं म्हणून मोकळे होतात. तसं नाही. भाषा इथून गेली, हे संगीत १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये अमेरिकन स्विंग, म्हणजे तिकडचं झुलत्या लयीचं जॅझ, ऐकून घडलं. पण शिकण्याची रीत मात्र आपल्याला परकी वाटू नये. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहाही भाग घरात असलेला माणूस गवई होतो असं आपण कुणीच मानत नाही. बंदिश विसरली की ते उघडायचं, एवढंच. गिटारच्या पुस्तकांकडे मात्र आपण वेगळ्याच आशेने बघतो.

तेव्हा साहित्य निवडताना मी एकच गोष्ट आधी तपासतो: ते उजव्या हाताबद्दल काय सांगतं? कुठलंही पान उघडा, कुठलाही व्हिडिओ लावा. सुरांवर पिक (तार छेडायची पत्री) खाली जाणार की वर येणार, याच्या खुणा दिलेल्या आहेत का? नसतील, तर ते साहित्य जँगोच्या सुरांची यादी आहे, जँगोचं वाजवणं शिकवणारं नाही. तुमच्या दीडशे पीडीएफपैकी दहाबारा सुद्धा या चाळणीतून खाली पडायच्या नाहीत, असा माझा अंदाज आहे.

कारण तुमची तक्रार तिथेच आहे. या वादनात पिक तारेला छेडून हवेत उडत नाही, तारेतून जातं आणि खालच्या तारेवर विसावतं. याला रेस्ट स्ट्रोक म्हणतात. मनगट थोडं वाकलेलं, पंजा गिटारला कुठेही न टेकलेला, आणि हाताचं वजन तारेत ओतल्यासारखं. दुसरा नियम असा, की नव्या तारेवर जाताना पहिला आघात नेहमी खालीच. मग भले आधीच्या तारेवरचा शेवटचा आघातही खालीच झालेला असो, लागोपाठ दोन डाउनस्ट्रोक. तुम्ही आठ वर्षं खाली-वर-खाली-वर वाजवत आलात, त्यामुळे हात बंड करणार. पण त्या संगीतातला तो टणत्कार, मायक्रोफोन नसताना तीन गिटारांच्या गर्दीतून वर येणारा आवाज, याच एका सवयीतून येतो. सूर तेच ठेवून नेहमीच्या पद्धतीने वाजवा, तुम्ही म्हणता तसंच होतं. सगळं बरोबर, आणि काहीच नाही.

'जिप्सी पिकिंग' मला आवडतं ते यासाठी. पुस्तक कोरडं आहे, पहिली पानं तर कंटाळवाणीच. पण आघाताची दिशा ते सोडत नाही. रोज पंधरा मिनिटं, मेट्रोनोम (लयीचे टिक देणारं यंत्र) ६० वर, एकच पान पंधरा दिवस. माझ्याकडची मुलं तिसऱ्या दिवशी पुढचं पान मागतात. तबल्याच्या क्लासला घातलं असतं तर गुरुजींनी 'धाती धागे'वर महिना काढला असता आणि कुणी ब्र काढला नसता.

आता ठेका. याला फ्रेंचमध्ये 'ला पोंप' म्हणतात, पोंप म्हणजे पंप. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेल्ली यांचं जे पंचक उभं राहिलं त्यात ड्रम नव्हताच. जँगोशिवाय आणखी दोन गिटारी आणि एक डबल बास, एवढ्यावर सगळी लय. म्हणजे तबलजीचं काम गिटारवाल्याकडे. चार मात्रांचा ठेका: पहिली आणि तिसरी मात्रा थोडी भरीव, दुसरी आणि चौथी आखूड आणि टोकदार. डाव्या हाताची बोटं लगेच सैल सोडायची, तारेवरून उचलायची नाहीत, म्हणजे आवाज तिथल्या तिथे कापला जातो. पहिल्या-तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी एक चोरटा अपस्ट्रोक येतो, तो काही घराण्यांत जास्त, काहींत नसल्यासारखा. तो शेवटी शिका. आधीच शिकलात तर ठेका घोड्याच्या टापांसारखा होतो.

आपल्याकडच्या शिकणाऱ्यांची इथे एक खास अडचण होते, आणि ती परदेशी कोर्समध्ये कुणी सांगत नाही, कारण त्यांना ती नसतेच. आपला कान समेवर वाढलेला. टाळी पहिल्या मात्रेवर, जीव पहिल्या मात्रेवर. स्विंगमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. माझ्याकडे एक चांगला तबला वाजवणारा मुलगा आला होता, लय पोलादी, पण त्याचा ला पोंप ऐकला की मिरवणूक निघाल्यासारखं वाटायचं. त्याच्यासाठी जो उपाय केला तोच तुम्हाला सांगतो. मेट्रोनोम ५० वर लावा आणि तो टिक म्हणजे दुसरी आणि चौथी मात्रा असं धरा, पहिली आणि तिसरी स्वतः तोंडाने म्हणा. गिटार हातात न घेता आठवडाभर. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, भांडी घासताना. मग गिटार घ्या.

कॉर्डसुद्धा तुमचे बार कॉर्ड नकोत. सहाही तारा दाबलेला ए मायनर या ठेक्यात चिखल करतो. त्याऐवजी ए मायनर सिक्स घ्या: सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथ्या तारेवर चौथा, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर पाचवा. पाचवी आणि पहिली तार बोटांच्या कडेने मुकी. हाच आकार दहाव्या फ्रेटला नेला की डी मायनर सिक्स. 'मायनर स्विंग'चं चक्र १६ मापांचं (एक माप म्हणजे चार मात्रा) आहे आणि त्याचा कणा म्हणजे हे दोन कॉर्ड आणि ई सेव्हन. एवढ्यावर तीन महिने काढता येतात. मी काढलेत.

ठेका शिकवणारं साहित्य निवडताना पुस्तकापेक्षा व्हिडिओ बरा, याबाबत माझ्या मनात शंका नाही. हात दिसायला हवा. मॉन्ट्रियलचा डेनिस चँग सिंती वादकांमध्ये राहून हे शिकला आणि त्याच्या डीसी म्युझिक स्कूलमध्ये त्या घराण्यांतले वादक स्वतः शिकवताना दिसतात. त्याचं ठेक्याविषयीचं बोलणं इतरांपेक्षा बारकाईचं असतं, कुठल्या भागात कोण कसा ठेका धरतं हेही तो वाजवून दाखवतो. फुकट हवं असेल तर यूट्यूबवर क्रिस्तियान फान हेमर्ट बघा. तो बोलतो भरपूर, पण बोलण्यात तथ्य असतं.

सोलोकडे यायचंच आहे तुम्हाला, मला माहीत आहे. मग बाजारातलं अर्धं साहित्य जिथे चुकवतं ती जागा दाखवतो. पुष्कळ कोर्स स्केलपासून सुरू होतात: हार्मोनिक मायनर घ्या, खालून वर, वरून खाली. आपल्या माणसाला ते ऐकताच कीरवाणी आठवतो आणि आनंद होतो, कारण सूर तेच आहेत. मीही त्या आनंदात दोन वर्षं घालवली. वाजायचं कीरवाणीसारखं, आणि मागे ठेका धरणारा मित्र बिचारा कॉर्ड बदलत राहायचा, मला त्याचा पत्ताच नाही.

जँगो कॉर्डच्या सुरांतून फिरतो. ए ला सा धरून आपल्या भाषेत मांडतो. घरचा कॉर्ड ए मायनर सिक्स: सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध. तो शुद्ध ध महत्त्वाचा, तो कीरवाणीत नाही. डी मायनर सिक्सवर गेलात की सूर होतात म, कोमल ध, सा, रे. म्हणजे धैवत बदलला. पुढे ई सेव्हनवर जँगोसारखे वादक बऱ्याचदा डिमिनिश्ड कॉर्डचे सूर वाजवतात: नि, रे, म, कोमल ध. आता हे शेवटचे दोन संच शेजारी ठेवून बघा. तीन सूर तेच, फक्त सा खाली सरकून शुद्ध नि झाला. संपूर्ण ताण त्या एका अर्ध्या सुराच्या घसरणीत आहे. हे एकदा गाऊन बघितलं, हो गाऊनच, की कुठल्याही पुस्तकातले आर्पेजियोचे, म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्याचे, तक्ते आकड्यांऐवजी सूर वाटायला लागतात. म्हणून दुसरी चाळणी: साहित्य आधी स्केल देतं की कॉर्डचे सूर? आधी स्केल देत असेल तर पुढचं कितीही चांगलं असो, तुमच्यासाठी ते आज नाही.

स्तेफान रेम्बेलचं 'गेटिंग इन्टू जिप्सी जॅझ गिटार' या बाबतीत बरं आहे. त्यात उजवा हात, ठेका, आर्पेजियो हे सगळं एकाच माणसाच्या नजरेतून येतं. थोडं घाईत जातं, पण वर्षभराने घ्यायला हरकत नाही.

टॅबबद्दल एक कबुली देतो. सुरुवातीच्या काळात मी बाहेरून एक जाडजूड सोलोसंग्रह मागवला होता, नाव सांगत नाही. चार महिने त्यातला एक सोलो घोटला. सूर जवळपास बरोबर होते, पण बोटांच्या जागा कुणीतरी टेबलाशी बसून सोयीने ठरवलेल्या. १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जायबंदी झाली. सोलो तो मुख्यतः दोन बोटांनी वाजवायचा, जायबंदी दोन बोटं कॉर्डमध्ये जमेल तेवढी टेकवायची. साहजिकच त्याचा हात एका जागी बसून आडवा पसरत नाही, गळ्यावरून लांब धावतो. माझ्या संग्रहातला हात एकाच जागी मांडी घालून बसलेला. तिथे रेस्ट स्ट्रोकचे नियमही पाळता येत नव्हते. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीची पंचकाची एक छोटी फिल्म पाहिली, जँगोची दोन बोटं वर-खाली पळताना दिसली, आणि चार महिन्यांचं पाणी झालं हे लक्षात आलं. त्या फिल्ममध्ये डावा हात जवळून दिसतो. शिकवणीचं साहित्य म्हणून मी ती बऱ्याच पुस्तकांच्या वर ठेवीन.

तुम्ही दोनच बोटं वापरायची का? नाही. आजचे वादक तीन वापरतात, गरजेला चार. पण एखादी सुरावट दोन बोटांनी वाजवून बघावी. ती कुठे सरकते ते कळतं, मग तिसरं बोट कुठे घालायचं ते आपलं आपण ठरवता येतं.

राहिलं खरं पाठ्यपुस्तक, म्हणजे रेकॉर्ड. 'मायनर स्विंग'चं मूळ ध्वनिमुद्रण २५ नोव्हेंबर १९३७ चं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांहून जास्त मावत नसे, त्यामुळे सगळं आटोपशीर, पाठ करण्याजोगं. ठाणे-वाशी लोकलने तुम्ही कधी पूर्ण टप्पा जात असाल तर अर्ध्या तासात हे ध्वनिमुद्रण आठ-नऊ वेळा होतं. पहिल्या आठवड्यात फक्त ठेक्याच्या गिटारी ऐका, जँगो नाही. मग फक्त बास. मग ग्रापेल्ली. जँगोपर्यंत पोचाल तेव्हा तो काय करतोय याच्या आधी तो कशावर करतोय हे कानात बसलेलं असेल. आणि हो, गिटार घेऊन बसाल तेव्हा तुमचा ट्यूनर आणि ती रेकॉर्ड जुळणार नाहीत. जुन्या तबकड्यांचा सूर किंचित वर-खाली असतो. स्वतःची गिटार रेकॉर्डला लावून घ्या, किंवा 'ट्रान्सक्राइब'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये सूर सरकवा. त्यातच चार सुरांचा तुकडा निम्म्या वेगाने पुन्हा पुन्हा फिरवता येतो. पैसे घालायचेच असतील तर हजार-दीड हजारातले पहिले इथे घाला. संगतीसाठी 'आयरिअल प्रो' ठीक आहे, त्यात या शैलीचा ठेका मिळतो, पण तो यंत्राचा ठेका आहे, कधी दमत नाही आणि कधी खुलतही नाही.

आठवड्याला एक सुरावट कानाने उचलायची. चार मापांची सुद्धा नको, दोन मापांची. चुकली तरी चालेल. टॅब बघायचा तो नंतर, परीक्षेचा पेपर देऊन आल्यावर उत्तरं बघतो तसा.

ऑनलाइन शाळांत तुम्ही घेतलेली रोझेनबर्ग अकॅडमी वाईट नाही, गैरसमज नको. स्टोखेलो रोझेनबर्ग हा हयात वादकांमधला मोठा माणूस, आणि त्याचा हात समोरून बघायला मिळणं ही चैनच. पण तिथे एकेका धुनेवरचे सोलो ताटात वाढून येतात, आणि तुमच्यासारखा टॅब वाचणारा माणूस वाचत सुटतो. एक संपला की दुसरा. ठेका बसल्यावर, ए मायनरचं ते चक्र न बघता पाऊण तास धरता यायला लागल्यावर परत जा. मग स्टोखेलो एखाद्या आघातावर मनगट कसं टाकतो ते दिसेल. आज फक्त बोटं दिसतील.

गिटार-तारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी विचारणार आहात. अंडाकृती छोट्या भोकाची, ६७० मिलीमीटर तारलांबीची ती सेल्मर धाटणीची गिटार सुंदरच असते, पण वर्षभर तुमच्या साध्या अकूस्टिकवर भागेल. त्या पैशात एक जाड पिक घ्या, तीन मिलीमीटरच्या आसपासचं. आत्ताचं वाकणारं पिक रेस्ट स्ट्रोक करूच देणार नाही. तारा हलक्या लावा, दहा किंवा अकराच्या (हा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा आकडा). चांदीचा मुलामा दिलेल्या तारा या शैलीत वापरतात, आवाज गोड, पण आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यात त्या बघता बघता काळ्या पडतात. जून ते सप्टेंबर मी साध्या तारांवर काढतो आणि गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत ठेवतो.

आणखी एक. ऐरोलीत, घणसोलीत, ऑफिसात, कुठेही, गिटार वाजवणारा एक माणूस शोधा. त्याला जॅझ यायची गरज नाही, ते तीन कॉर्ड शिकवायला एक संध्याकाळ लागते. त्याने ठेका धरायचा, तुम्ही दोन मापांची उचललेली सुरावट घालायची, मग अदलाबदल. तुमच्या बजेटमध्ये बसणारं सगळ्यांत चांगलं शिकवणीचं साहित्य तेच, चहाच्या खर्चात. खिडक्या मात्र लावून घ्या. रेस्ट स्ट्रोक नीट लागायला लागला की तीन मजले वर ऐकू जातो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत माझ्या ला पोंपवर स्वतंत्र चर्चा झालेली आहे.

पीडीएफचं म्हणाल तर त्या पुसायला जीव होणार नाही, मलाही झाला नव्हता. पेनड्राइव्हवर घाला आणि तो पेनड्राइव्ह तुमच्या त्या ठेकेवाल्याकडे ठेवायला द्या. मागायला जाल तेव्हा तो म्हणेल, आधी दहा मिनिटं ठेका धर.